ग्राफाइटच्या विटेला तडा नेमका कुठून जातो? (हंटरस्टन बी आणि तिची भावंडं)

घनपदार्थ

चालू घडामोडींच्या धाग्यावर कोणीतरी ब्रिटनमधल्या 'तडकलेल्या अणुभट्ट्यां'ची बातमी डकवली आणि बघता बघता गाडी चेर्नोबिलला जाऊन पोचली. तिथल्या गोंगाटात लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून हा वेगळा धागा. माझं काम वस्तू कशी तुटते ते मोजायचं. अणुभट्टीत मी काम केलेलं नाही, पण ग्राफाइटचे तुकडे यंत्रात धरून भरपूर मोडलेत. त्यामुळे बातमीतल्या 'क्रॅक' या शब्दामागे काय चाललेलं असतं, ते सांगण्याचा हा प्रयत्न. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी जागा. ब्रिटनने एजीआर (अ‍ॅडव्हान्स्ड गॅस-कूल्ड रिअ‍ॅक्टर) नावाच्या १४ अणुभट्ट्या ७ वीजकेंद्रांत बांधल्या. न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्राफाइट आणि उष्णता वाहून न्यायला दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, हे त्यांचं सूत्र. हंटरस्टन बी ही त्यातली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, १९७६ मध्ये सुरू झालेली. एकेका भट्टीच्या गाभ्यात सुमारे ३,००० इंधन-विटा. वीट म्हणजे जाड भिंतीचं नळकांडं समजा: उंची सुमारे ८२५ मिमी, बाहेरून साधारण ४६० मिमी रुंद, मध्ये इंधन जायला आरपार भोक. बाहेरच्या अंगाला उभ्या खाचा, त्यांना कीवे म्हणतात. शेजारच्या विटांशी जोडणाऱ्या ग्राफाइटच्याच किल्ल्या या खाचांत सैलसर बसतात. विटांवर विटा रचून उभे मार्ग तयार होतात. काहींतून इंधन जातं, काहींतून भट्टी थांबवणारे नियंत्रक दांडे.

म्हणजे ग्राफाइट इथे दोन कामं करतं. न्यूट्रॉन मंद करणं हे एक, आणि ते तड्यांनी बिघडत नाही. दुसरं काम गाभ्याचा सांगाडा म्हणून उभं राहण्याचं. बातमी आहे ती या दुसऱ्या कामाची. आणि ही वीट बदलता येत नाही. गाभा काँक्रीटच्या दाबपात्रात बंदिस्त असतो. पंप, झडपा, टर्बाइन, सगळं बदलता येतं. ग्राफाइट थकलं की भट्टी थकली.

आता तडा का जातो ते. ग्राफाइटचा स्फटिक म्हणजे कार्बनचे सपाट थर, दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर. वेगवान न्यूट्रॉन आदळला की अणू जागेवरून उडतात, थरांच्या मधल्या पोकळीत अडकतात आणि हळूहळू तिथे नवे थर जमवतात. परिणामी स्फटिक थरांना काटकोनात फुगतो आणि थरांच्या दिशेत आकसतो.

मग अख्खी वीट फुगायला हवी. पण ती सुरुवातीची कित्येक वर्षं आकसते! कारण वीट बनवताना ती सुमारे २,८०० अंशांवरून थंड होते, तेव्हाच थरांच्या मधे असंख्य सूक्ष्म चिरा पडलेल्या असतात. स्फटिकाचं फुगणं या चिरा गिळून टाकतात, बाहेर दिसतं ते फक्त आकसणं. चिरा भरत आल्या की आकसणं मंदावतं, थांबतं आणि वीट उलट फुगायला लागते. या वळणाला 'टर्नअराउंड' म्हणतात.

खरी गोम पुढे आहे. विटेच्या सगळ्या भागांना न्यूट्रॉनचा मारा सारखा बसत नाही. इंधन आतल्या भोकात, म्हणून आतली बाजू लवकर 'म्हातारी' होते. पहिल्या काळात आतली बाजू जास्त आकसते, बाहेरची तिला अडवते. आत ताण, बाहेर दाब. तेव्हा तडा गेलाच तर आतून, भोकाच्या भिंतीतून जातो. मग आतली बाजू टर्नअराउंड ओलांडून फुगू लागते, बाहेरची मात्र अजून आकसतेच आहे. सगळं उलटं होतं. आता ताण बाहेरच्या अंगाला, आणि तिथेच त्या कीवे. खाचेच्या कोपऱ्याशी ताण एकवटतो हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तडा त्या कोपऱ्यातून सुटतो आणि आत भोकापर्यंत येतो. हीच ती बातम्यांतली 'कीवे रूट क्रॅक'. हंटरस्टनमध्ये पहिली २०१५ साली दिसली.

त्यात आणखी एक कीड. विकिरणाने कार्बन डायऑक्साइड फुटतो आणि त्यातून निघालेले क्रियाशील घटक ग्राफाइटला छिद्रांच्या आतून खातात. जाळ नाही, धूर नाही, वीट बाहेरून जशीच्या तशी, पण वजनाने हलकी आणि ताकदीने कमी. हे मंदावायला वायूत थोडा मिथेन मिसळतात. तो जास्त झाला की इंधनावर कार्बनचा थर धरतो, म्हणून तिथेही हात आखडताच ठेवावा लागतो.

चष्मिष्ट

मस्त लेख. म्हणजे उन्हाळ्यात भातखाचर भेगाळतं तसंच की! वरची माती आकसते, खालची ओली राहते.

घनपदार्थ

चष्मिष्टताई, पहिल्या अर्ध्या गोष्टीला तुमचं खाचर बरोबर लागू पडतं. पण वाळलेली माती पाऊस न पडता आपणहून फुगू लागत नाही. इथे तीच जागा आधी आकसते, मग फुगते, आणि एकाच विटेत ताणाची दिशा आयुष्याच्या मध्यावर उलटते. म्हणून 'तडा गेला' एवढ्याने काही कळत नाही. आतून गेला की बाहेरून, यावरून विटेचं वय सांगता येतं.

एक सांगायचं राहिलं. ही सगळी ओढाताण प्रत्यक्षात हिशोबापेक्षा बरीच सौम्य असते, कारण विकिरणाखाली ग्राफाइट 'सरकतं'. याला इरॅडिएशन क्रीप म्हणतात. एरवी ज्या तापमानाला ग्राफाइट ढिम्म हलणार नाही, तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ते ताणानुसार हळूहळू आकार बदलतं आणि ताण मुरवून टाकतं. ही सोय नसती तर विटा कितीतरी आधी तडकल्या असत्या.

टोकेकर

लेख चांगला आहे, पण महत्त्वाची गोष्ट तुम्ही सफाईने वगळलीत. हंटरस्टनच्या भट्टीला ३५० तड्यांची मर्यादा होती. २०१८ मध्ये तपासलं तर ती ओलांडलेली. मग काय केलं? मर्यादा वाढवून ७०० मागितली! परीक्षेत नापास झाल्यावर पासाचे मार्क खाली आणण्यातला प्रकार. आपल्याकडे असं झालं असतं तर तुम्हीच पहिले ओरडला असता.

कोकणकडा

टोकेकर +१. डंजनेस बी या दुसऱ्या एजीआर केंद्राचंही असंच वाचलंय. ग्राफाइटचं वजन किती घटलं तर चालेल याची मर्यादा २०१४ मध्ये ६.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेली.

घनपदार्थ

वगळलं नव्हतं हो, दम खा, त्यावरच येणार होतो. घटनाक्रम असा: हंटरस्टन बीच्या दोन भट्ट्यांचे क्रमांक तीन आणि चार. त्यातली तिसरी मार्च २०१८ मध्ये तपासणीसाठी बंद केली. नवे कीवे रूट क्रॅक अपेक्षित होतेच, पण ते गणितापेक्षा थोड्या जास्त वेगाने पडत असल्याचं चालकांनी स्वतः जाहीर केलं. ३५० ची रेघ ओलांडली गेली होती. मग बराच काळ भट्टी बंद आणि कागद चालू. ब्रिटनच्या अणुनियामक कार्यालयाने चौथ्या भट्टीला ऑगस्ट २०१९ मध्ये चारेक महिन्यांपुरती परवानगी दिली, तिसरीला ऑगस्ट २०२० मध्ये. तिसरी नोव्हेंबर २०२१ मध्ये कायमची बंद झाली, चौथी जानेवारी २०२२ मध्ये. तिच्याच वयाची हिंकले पॉइंट बी त्याच वर्षी उन्हाळ्यात.

परवानगी महिन्यांत बोलली जाते, पण ती खरी मोजली जाते भट्टीने किती ऊर्जा दिली त्यावर. एकक टेरावॉट-दिवस. बरोबरच आहे, बंद भट्टीतलं ग्राफाइट म्हातारं होत नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे. ३५० हा आकडा 'याच्या पुढे धोका' असा नव्हता. 'इथपर्यंतचं विश्लेषण आम्ही करून दाखवलंय' अशी ती रेघ होती. प्रश्न तड्यांच्या संख्येचा नाही, तीन गोष्टींचा आहे: दांडे खाली जातील का, इंधनाला थंड वायू मिळत राहील का, इंधन वर-खाली करताना अडकेल का. ७०० विटा तडकूनही मार्ग सरळ राहत असेल तर भट्टी थांबवता येते. उलट थोड्याच विटा एका जागी फुटून मार्ग वाकडा झाला तर आकडा लहान असून उपयोग नाही.

तरीपण तुमची शंका मी उडवून लावणार नाही. गणित आणि तपासणी यांत फरक पडला, तोही असुरक्षित बाजूला, तेव्हा मर्यादा वाढवून मागणाऱ्यानेच जास्त पुरावा द्यायला हवा. तो मागितला गेला, भट्ट्या महिनोन्महिने बंद राहिल्या, कंपनीचं उत्पन्न बुडालं. माझ्या मते नियामकाने इथे आपलं काम केलं. मर्यादा वाढवण्यातली खरी खोट वेगळीच आहे: बाहेरच्या माणसाला ३५० हाच धोक्याचा आकडा वाटावा अशाच पद्धतीने तो इतकी वर्षं सांगितला गेला.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, इथे तर शिकवणी निघाली. एक बाळबोध प्रश्न: तीन हजार विटा, त्याही किरणोत्सारी गाभ्यात. तडे मोजतं कोण?

क्लाइडकाठ

याचं उत्तर मी देतो, संकेत-विश्लेषण हे माझं क्षेत्र आहे आणि ग्लासगोत राहून या विषयापासून लांब राहता येत नाही.

भट्टी बंद असताना इंधन काढलेल्या मार्गात कॅमेरा सोडतात. पडद्यावर भोकाची करडी भिंत हळूहळू सरकत जाते. दोन विटांचा सांधा आडवी रेघ म्हणून दिसतो, मग पुढचा. तडकलेली वीट आली की एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत उभी काळी रेघ, थोडी नागमोडी. तिची रुंदी मोजतात. दुसरं उपकरण भोकाचा व्यास आणि मार्गाचा कल मोजतं. काही ठिकाणी भिंतीतून छोटे दंडगोल नमुने कापून प्रयोगशाळेत नेतात. मात्र हे सगळ्या मार्गांत होत नाही, निवडक मार्गांत होतं. बाकीच्यांचा अंदाज संख्याशास्त्राने.

मजा आहे ती चौथ्या पद्धतीत. इंधनाची लांबच लांब माळ यंत्राने मार्गातून वर ओढतात तेव्हा तिचं वजन सतत नोंदवलं जातं. माळ भिंतीला घासते, त्यामुळे प्रत्येक सांध्यापाशी आलेखात छोटी उडी येते. एखाद्या विटेचा व्यास बदललेला असेल तर तिथली उडी वेगळी दिसते. म्हणजे नोंद घेतलेली दुसऱ्याच कामासाठी, पण तिच्यातून तडे ओळखता येतात. इथल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. आलेखात गोंगाट खूप असतो, त्यामुळे नुसत्या त्यावर कोणी छातीठोक बोलत नाही. कॅमेरा कुठे सोडायचा हे ठरवायला मात्र उत्तम.

चष्मिष्ट

भूकंप झाला तर? ब्रिटनमध्ये होतात का पण?

क्लाइडकाठ

मोठे होत नाहीत, पण दहा हजार वर्षांतून एकदा होईल अशा तीव्रतेचा धरून हिशोब करावा लागतो. दांड्यांची खरी परीक्षा तीच. ब्रिस्टल विद्यापीठात एजीआर गाभ्याची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती हलत्या मंचावर ठेवून, तिच्यात मुद्दाम तडकलेल्या विटा बसवून हादरवली गेली. मार्ग किती वाकतो ते मोजायला. याशिवाय वाकड्या मार्गातूनही जातील असे जास्त सांधे असलेले दांडे, आणि दांडे अडलेच तर गाभ्यात नायट्रोजन सोडून भट्टी बंद ठेवायची व्यवस्था आहे.

टोकेकर

प्रतिकृतीत विटा नव्या, तडे कापलेले. खऱ्या गाभ्यात तुकडे पडतात त्याचं काय?

घनपदार्थ

चांगला प्रश्न, आणि नियामकालाही तोच पडला होता. तड्याच्या कडेचे कपचे निघालेले तपासणीत दिसले होते. एखादा कपचा इंधनाच्या मार्गात जाऊन वायू अडवेल का, हे वेगळं सिद्ध करावं लागलं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो: तडा सुटल्यावर पुढे कसा जातो. काच आणि ग्राफाइट दोन्ही ठिसूळ, पण मोडतात वेगळे. यंत्रात काचेची पट्टी वाकवली की भार सरळ रेषेत चढतो आणि खाट्कन शून्य. ग्राफाइटचा आलेख मोडण्याआधीच वाकायला लागतो. मायक्रोफोन लावलात तर आतून बारीक कुरकुर ऐकू येते. खाच पाडलेली पट्टी सावकाश वाकवली तर कमाल भारानंतरही ती काही काळ झुंजते. मोडल्यावर पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत नसतो. मळकट, खडबडीत, आणि बोटांना काजळी लागते ती दिवसभर जात नाही.

कारण तड्याच्या टोकापुढे एक अख्खा प्रदेश आधीच सूक्ष्म चिरांनी भरत असतो. एजीआरचं ग्राफाइट गिल्सोकार्बन जातीचं. अमेरिकेतल्या युटामधल्या गिल्सोनाइट या नैसर्गिक डांबरापासून त्याचा कोक करतात. त्याचे कण गोलसर, मिलिमीटरच्या आसपासचे, आतले थर गोलाकार बसलेले. कणांची दिशा ठरलेली नसल्याने वीट सगळ्या दिशांना जवळपास सारखीच वागते. आधीच्या मॅग्नॉक्स भट्ट्यांतलं ग्राफाइट तसं नव्हतं, त्यातले कण सुईसारखे लांबट आणि एका दिशेला कललेले. तडा गिल्सोकार्बनमध्ये सरळ जात नाही. छिद्र दिसलं की तिकडे वळतो, कणाला वळसा घालतो किंवा त्याच्या थरांमधल्या जुन्या चिरेत शिरतो. मागे काही कण दोन्ही कडांना धरून राहतात आणि तडा उघडू देत नाहीत. म्हणून तडा लांबत जातो तसा त्याला आणखी पुढे न्यायला सुरुवातीला जास्त जोर लागतो.

कार्बन डायऑक्साइडमुळे होणारा तो गंज या सगळ्याला सुरुंग लावतो. छिद्रं मोठी होतात, कणांना धरणारा बांधक आधी खाल्ला जातो. वजनातली थोडी घट ताकदीत बऱ्याच मोठ्या घटीच्या रूपाने दिसते. उलट न्यूट्रॉनचा मारा सुरुवातीला ग्राफाइटला कडक आणि मजबूत करतो. दोन शत्रूंपैकी एक आधी मित्रासारखा वागतो, त्यामुळे 'आज ताकद किती' याचं एकच सरळ उत्तर नसतं.

विटेत मात्र तडा मधेच थांबून राहत नाही, कीवेच्या कोपऱ्यातून भोकापर्यंत आणि विटेच्या पूर्ण उंचीभर जातो. कोंडलेला ताण मोकळा होतो आणि वीट किंचित उघडते. वरून पाहिली तर 'C' सारखी. इथेच प्रकरण संपत नाही. उघडलेली वीट किल्ल्यांमार्फत शेजारणीला ढकलू शकते. तिच्यातच समोरच्या बाजूला दुसरा तडा जाऊन तिची दोन अर्धुकं होऊ शकतात. एक तडा असलेली वीट अजून एकसंध राहते, दोन तड्यांची राहत नाही. मी नियामक असतो तर एकूण किती याआधी अशा दुहेरी किती, आणि त्या एकमेकींच्या शेजारी आहेत का, हे विचारलं असतं.

कोकणकडा

आता चेर्नोबिलचा विषय मीच काढतो, नाहीतर दुसरं कोणी काढेल. आणि ते विंडस्केल की काय?

घनपदार्थ

त्या दोन्ही अपघातांत ग्राफाइट होतं एवढंच साम्य. ब्रिटनमधल्या विंडस्केलला १० ऑक्टोबर १९५७ ला आग लागली. ती भट्टी हवेने थंड होणारी आणि कमी तापमानाला चालणारी. कमी तापमानात उडालेले अणू जागेवर परतत नाहीत, ऊर्जा साठत जाते, तिला विग्नर ऊर्जा म्हणतात. ती मुद्दाम सोडवण्यासाठी तापवताना प्रकरण हाताबाहेर गेलं. एजीआरचं ग्राफाइट त्याहून बऱ्याच गरम तापमानाला चालतं, तिथे हा साठा तसा होत नाही. तड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

चेर्नोबिलच्या जातीच्या आरबीएमके भट्ट्यांना मात्र पुढे एजीआरचंच दुखणं झालं. तिथे चौकोनी ठोकळ्यांच्या उभ्या रांगा. ठोकळे फुगले, तडकले आणि रांगा वाकल्या. लेनिनग्राडच्या पहिल्या भट्टीत २०१३ मध्ये दूरनियंत्रित यंत्रांनी ठोकळ्यांत उभे काप घेऊन जागा मोकळी केली आणि रांगा सरळ केल्या. भेगा बुजवायच्या सोडून आणखी कापायचं, हा उपाय मला फारच आवडला.

रिकामटेकडा

तारापूरला काय? मामा बोईसरला असतो म्हणून विचारतो.

घनपदार्थ

मामांना निश्चिंत राहायला सांगा, निदान ग्राफाइटपुरतं. तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या, नंतरच्या दोन जड पाण्याच्या. ग्राफाइट मंदायक असलेली वीजभट्टी भारतात नाही. ट्रॉम्बेच्या सायरसमध्ये ग्राफाइटचा परावर्तक (न्यूट्रॉन परत गाभ्यात वळवणारा थर) होता, पण ती संशोधनभट्टी आणि २०१० च्या अखेरीला बंद झाली. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत म्हातारपण येतं ते झिरकोनियमच्या दाबनळ्यांना. फरक असा की त्या नळ्या बदलता येतात, राजस्थान आणि मद्रासच्या भट्ट्यांत आपल्या लोकांनी गाभ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या बदलून दाखवल्यात.

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली. उरलेल्या एजीआर किती दिवस चालणार? आणि बंद झालेल्यांच्या विटांचं काय करतात?

क्लाइडकाठ

चार केंद्रं चालू आहेत. आत्ताच्या घोषणेनुसार हार्टलपूल आणि हेशम-१ मार्च २०२८ पर्यंत, हेशम-२ आणि टॉर्नेस मार्च २०३० पर्यंत. तपासणीत काय दिसतं त्यावर हे पुढे-मागे होऊ शकतं. हंटरस्टनमधून इंधन २०२५ मध्ये काढून झालं. विटा जागीच राहतील, खूप वर्षं. त्यांत कार्बन-१४ असतो, अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे उचलून कुठे टाकायच्या हा वेगळाच किचकट विषय आहे.

टोकेकर

घनपदार्थ, ३५० च्या रेघेबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं, 'नियामकाने काम केलं' हे नाही पटलं. असो. चीनने ग्राफाइटवाली नवी भट्टी काढलीय म्हणतात, ते तिथेही हेच भोगणार का?

घनपदार्थ

असो म्हणालात तरी चालेल, धागा बंद नाही.

शिदाओवानची एचटीआर-पीएम डिसेंबर २०२३ पासून व्यापारी तत्त्वावर चालू आहे. तिथे वायू हेलियम, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडवाला तो गंज नाही. इंधन ग्राफाइटच्या गोळ्यांत असतं आणि गोळे चालू भट्टीतूनच खालून काढता येतात, म्हणजे ते ग्राफाइट म्हातारं व्हायच्या आत बाहेर. पण गोळ्यांभोवतीचा परावर्तक विटांचाच आहे आणि तापमान एजीआरच्या ग्राफाइटपेक्षा जास्त. जास्त तापमानाला टर्नअराउंड लवकर येतं. तिथली आतली बाजू कधी फुगू लागेल याचे आलेख त्यांनी आधीच काढलेले असणार, आणि त्या विटांच्या खाचांचे कोपरे किती गोल ठेवलेत हे मला कोणी सांगितलं तर मी त्याला जेवायला घालीन.